शब्दबोध : प्रेरणा

भोरच्या नैर्ऋत्येला, सातारा जिल्ह्याच्या सीमेलगत, रायरेश्वराचे पठार आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट. कोर्ले गावाच्या बाजूने वर जाताना अखेरच्या कड्याला लोखंडी शिडी लावलेली आहे. वर महादेवाचे जुने देऊळ आणि पिढ्यान्पिढ्या तेथेच वस्ती करून राहिलेल्या जंगम कुटुंबांची घरे आहेत. १६४५ च्या सुमारास शिवाजीराजांनी मावळातील सवंगड्यांसह स्वराज्याची शपथ येथे घेतली, असे परंपरा सांगते. शेजारच्या वेल्हे तालुक्यात तोरणा आणि राजगड उभे आहेत. त्या तालुक्याला राजगडाचेच नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. या दोन तालुक्यांतील डोंगरवाटांवर भेटणाऱ्या कोणालाही येण्याचे कारण विचारावे, उत्तर बहुधा एकच येते : ‘येथे प्रेरणा मिळते.’

हाच शब्द जैन वाचकाला आणखी एका ठिकाणी नित्य भेटतो. मंदिर, स्थानक, धर्मशाळा किंवा पांजरपोळ यांच्या दाराशी संगमरवरी पाटी असते आणि तिच्यावर कोरलेले असते : ‘अमुक महाराजसाहेबांच्या प्रेरणेने.’ त्याखाली दात्यांची नावे येतात. जुन्या जिनमूर्तींच्या पीठांवरील लेखांत याच जागी ‘उपदेशात्’ असा शब्द आढळतो. काळ बदलला तसा शब्द बदलला. जागा मात्र तीच राहिली.

गड बोलत नाही. मुनी विटा रचत नाहीत. मग गडाने पांथस्थाला आणि मुनींनी श्रावकाला नेमके काय दिले? आणि जे दिले, त्याचा घेणाऱ्याच्या कर्तृत्वाशी संबंध कोणता? या प्रश्नांची उत्तरे पुष्कळ अंशी शब्दाच्या पोटातच दडलेली आहेत.

‘प्रेरणा’ हा शब्द ‘प्र’ हा उपसर्ग आणि ‘ईर्’ हा धातू यांच्या संयोगातून सिद्ध झाला आहे. ‘ईर्’ म्हणजे हलणे, जाणे, गतिमान होणे. त्याचे प्रयोजक रूप घेतले की हलविणे, गती देणे. ‘प्र’ म्हणजे पुढे. तेव्हा प्रेरणा म्हणजे पुढच्या दिशेने गती देणे. याच धातूचा ‘सम्’ उपसर्गाशी योग झाला की ‘समीर’ होतो, म्हणजे वारा. ‘उद्’ लागला की ‘उदीरणा’ होते. कर्मसिद्धान्ताच्या अभ्यासकांना हा शब्द परिचित आहे : जे कर्म अद्याप उदयास आलेले नाही, त्यास तपादी पुरुषार्थाने नियत काळाआधीच वर आणणे म्हणजे उदीरणा. आणि याच धातूपासून आलेला, जैन घरांतील मुलांच्याही ओठांवर असलेला शब्द म्हणजे ‘ईर्या’. ईर्या म्हणजे गमन, चालणे. पाच समितींमधील पहिली ईर्यासमिती होय : साधूने पुढची सुमारे चार हात भूमी न्याहाळत, जीवजंतूंना जपत पाऊल टाकावे.

प्रेरणा, उदीरणा आणि ईर्या ही अशी एका कुळातील भावंडे आहेत. त्यांच्या मुळाशी पाय आहेत, गती आहे.

इंग्रजीतील ‘इन्स्पिरेशन’ या शब्दाचे कूळ निराळे आहे. त्याचे मूळ लॅटिन भाषेत असून त्याचा शब्दशः अर्थ ‘आत श्वास फुंकणे’ असा होतो. वैद्यकात आजही श्वास आत घेण्याच्या क्रियेला हाच शब्द योजतात. देवतेने माणसात श्वास फुंकावा आणि त्याच्या मुखातून दिव्य वचन बाहेर पडावे, ही त्यामागील प्राचीन कल्पना. त्या कल्पनेत मनुष्य बासरीसारखा असतो. फुंकर दुसऱ्याची, सूरही बहुतांशी दुसऱ्याचाच. आपल्या शब्दात फुंकर नाही. येथे कोणीतरी चालायला लावतो. पण पाय ज्याचे त्यालाच उचलावे लागतात.

मराठीत प्रेरणेचे काही शेजारी आहेत आणि त्यांची सरमिसळ नेहमी होते. ‘स्फूर्ती’ हा शब्द ‘स्फुर्’ या धातूपासून आला. त्याचा अर्थ थरथरणे, लवणे, एकाएकी चमकणे. बाहू स्फुरतात, कवीला ओळ स्फुरते. स्फूर्ती आतून उमटते. तिला बाहेरचा कर्ता सांगावा लागत नाही. ‘उत्साह’ हा ‘सह्’ धातूचा. सहन करणे हा त्याचा अर्थ. भार पेलण्याची उभारी म्हणजे उत्साह. ‘उमेद’ हा फारसी शब्द आपल्याकडे आला तो आशेचा अर्थ घेऊन.

जैन परंपरेनेही जागृतीचे असेच भेद जाणले आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात उमास्वाती सांगतात की सम्यग्दर्शन दोन प्रकारे प्रकटते : निसर्गतः, म्हणजे आपोआप, किंवा अधिगमाने, म्हणजे उपदेशादी निमित्ताने. सिद्धांच्या भेदांतही स्वयंबुद्ध, प्रत्येकबुद्ध आणि बुद्धबोधित असे तीन प्रकार गणले आहेत. स्वयंबुद्धाला बाहेरचे निमित्त लागत नाही. बुद्धबोधिताला गुरूचे वचन लागते. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला प्रत्येकबुद्ध अतिशय विलक्षण आहे. त्याला एखादी साधीशी वस्तू पुरते.

विदेहाचा राजा नमी याची कथा सर्वश्रुत आहे. तो दाहज्वराने तळमळत होता. राण्या चंदन उगाळू लागल्या, तेव्हा त्यांच्या कंकणांचा आवाज त्याला सहन होईना. त्यांनी सौभाग्यचिन्ह म्हणून एकेक कंकण हातात ठेवले आणि बाकीची उतरविली. आवाज थांबला. राजाच्या मनात विचार आला : अनेक असतात तेथे खणखण असते, एकटेपणात शांती असते. कलिंगाच्या करकंडूला जराजर्जर झालेला बैल पाहून असाच बोध झाला. कंकणाने काही सांगितले नव्हते आणि बैलाने उपदेश केला नव्हता. राजवाड्यातील इतर कितीतरी जणांनीही त्या दिवशी कंकणांचा आवाज थांबल्याचे अनुभवले असेल; पण घर सोडून निघाला तो एकटा नमी.

येथे जैन दर्शनातील निमित्त आणि उपादान यांचा विवेक उपयोगी पडतो. पंचास्तिकायात आचार्य कुंदकुंदांनी धर्मद्रव्याचे स्वरूप समजाविण्यासाठी पाण्याचा दृष्टांत घेतला आहे. मासा पोहतो, त्याला पाणी साहाय्यभूत असते. पण पाणी माशाला ढकलत नाही. स्थिर असलेल्या माशाला ‘चल’ असे म्हणत नाही. असे साहाय्य म्हणजे उदासीन निमित्त. याउलट, वारा ध्वजाला फडकवितो तेव्हा तो प्रेरक निमित्त ठरतो. तथापि निमित्त उदासीन असो वा प्रेरक, कार्यरूपाने परिणत होते ते उपादानच. पोहतो तो मासा. फडकतो तो ध्वज.

व्याकरणकारांनीही हा विवेक जपलेला दिसतो. पाणिनीने अष्टाध्यायीत कर्त्याची व्याख्या करताना जो स्वतंत्र तो कर्ता असे म्हटले, आणि लगेच पुढच्याच सूत्रात त्या कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्याला ‘हेतू’ अशी वेगळी संज्ञा दिली. प्रवृत्त करणारा आला म्हणून मूळ कर्त्याचे स्वातंत्र्य व्याकरणाने काढून घेतले नाही.

हा केवळ ग्रंथातील सूक्ष्म विचार नव्हे. भोरच्या मातीत त्याचे ऐतिहासिक उदाहरण घडले आहे. १६५९ साली अफजलखान स्वराज्यावर चालून आला, तेव्हा मावळातील देशमुखांना खानाला साहाय्य करण्याविषयी आदिलशाही फर्माने निघाली. रोहिडखोऱ्यातील कारी गावच्या कान्होजी जेध्यांना असे फर्मान आले. हुकूम मोडला तर वतन जाणार, घरदार धोक्यात येणार, हे स्पष्ट होते. त्याच खोऱ्यातील उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. कान्होजी मुलांसह शिवाजीराजांकडे आले आणि त्यांनी फर्मान पुढे ठेवले. राजांनी त्यांना भुलविले नाही. इतर देशमुख खानाकडे गेल्याचे आणि वतनावर गदा येण्याचे भय त्यांच्यापुढे उघड मांडले. जेधे घराण्याच्या करिन्यात नोंदले आहे की कान्होजींनी शपथ घेऊन वतनावर पाणी सोडले.

खोरे एकच होते, संकट एकच होते, राजेही दोघांना तितकेच जवळचे होते. रायरेश्वराचे पठार दोघांच्याही डोळ्यांपुढे होते. कारी आणि उत्रवळी ही दोन्ही गावे आजही भोर तालुक्यात आहेत. एकाच निमित्तातून दोन माणसे दोन दिशांना गेली, हे ज्याने पाहिले, त्याला ‘येथे प्रेरणा मिळते’ हे वाक्य अर्धेच वाटू लागेल. राजांनी भय लपविले नाही, ही त्यांच्या प्रेरणेची सचोटी. आणि भय जाणून निर्णय केला, हे कान्होजींचे कर्तृत्व.

मात्र प्रेरणेचा विचार घेणाऱ्याच्या बाजूने करून थांबता येत नाही. देणाऱ्यावरही तिचे ओझे असते, आणि हे ओझे जैन विचाराने जितक्या काटेकोरपणे मोजले आहे तितके क्वचितच कोणी मोजले असेल.

श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींच्या विशाल मूर्तीच्या पायाशी कोरलेला लेख मराठीतील अतिप्राचीन शिलालेखांत गणला जातो. त्यातील क्रियापद आहे ‘करवियले’. मूर्ती चामुंडरायाने करविली आणि तिच्या भोवतीचा प्राकार गंगराजाने करविला, असा त्याचा आशय. चामुंडराय हा गंग राजांचा मंत्री आणि सेनापती. मूर्तीची निर्मिती दहाव्या शतकाच्या अखेरीची. गंगराज हा बाराव्या शतकातील होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती. तेथेच हीच गोष्ट कन्नड आणि तमिळ भाषांतही कोरलेली आहे, आणि त्या दोन्ही भाषांतही क्रियापद प्रयोजकच आहे. ‘केले’ असे कोणीही म्हटलेले नाही. छिन्नी चालविणाऱ्या शिल्पकाराचे नाव त्या ओळींत नाही. परंपरेनुसार जिच्या दर्शनाच्या ओढीतून मूर्तीची कल्पना उगवली, त्या चामुंडरायाच्या मातेचे, काललदेवीचेही नाव नाही. तरीही ‘करवियले’ या प्रयोजक रूपाने एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली आहे : करणारे हात दुसरे होते.

करणे आणि करविणे यांच्या जोडीला जैन आचारशास्त्राने तिसरी पायरी ठेवली : अनुमोदन. कृत, कारित आणि अनुमत. कर्माचा आस्रव केवळ करण्याने होतो असे नाही. करविण्याने होतो, आणि दुसऱ्याने केलेले मनोमन मानल्यानेही होतो. तत्त्वार्थसूत्रात संरंभ, समारंभ आणि आरंभ हे तीन, मन, वचन आणि काया हे तीन, कृत, कारित आणि अनुमत हे तीन, आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय यांचा गुणाकार सांगितला आहे : तो १०८ होतो. जपमाळेच्या १०८ मण्यांची संगती याच गणिताशी लावणारी एक परंपरा आहे.

साधूचा त्याग नऊ कोटींचा असतो : मनाने, वचनाने, कायेने करणार नाही, करविणार नाही आणि करणाऱ्याला अनुमोदन देणार नाही. गृहस्थाच्या सामायिकातील प्रतिज्ञा दोन करण आणि तीन योगांची, म्हणजे सहा कोटींची : मनाने, वचनाने, कायेने करणार नाही आणि करविणार नाही. संसारात बसलेल्या माणसाला अनुमोदनेतून पूर्ण सुटणे अवघड, हे शास्त्राने जाणले. पण करविण्याची सूट त्या ४८ मिनिटांत गृहस्थालाही दिली नाही. ‘मी केले नाही, मी फक्त सुचविले’ हा बचाव सामायिकाच्या बैठकीवर चालत नाही.

प्रेरणा ही कारिताचीच सौम्य, सोज्ज्वळ बाजू आहे. म्हणून संगमरवरी पाटीवर ज्याचे नाव ‘प्रेरणा’ या शब्दासह कोरले जाते, त्याच्या वाट्याला पुण्याचा अंश येतो. आणि ज्याच्या बोलण्याने दुसरा आडवाटेला लागतो, त्याला पापाचा अंशही चुकत नाही. आज भाषणे देऊन प्रेरणा वाटणाऱ्यांची संख्या मोठी आहे. श्रोता घरी जाऊन काय करतो आणि त्याचे पुढे काय होते, याचा हिशेब त्यातील किती जण ठेवतात?

हाच हिशेब घरातही मांडावा लागतो. पर्युषणात शेजारच्या घरी अठाई झाली, नात्यात कोणी मासक्षमण केले, की आपल्या घरातील सुनेकडे किंवा कोवळ्या वयाच्या मुलीकडे सर्वांच्या नजरा वळतात. ‘तिने केले, तुला का जमू नये?’ हे वाक्य प्रेरणेच्या थाटात उच्चारले जाते. परंतु त्याच्या मुळाशी पुष्कळदा असते ती ईर्षा. ‘प्रेरणा’ आणि ‘ईर्षा’ या शब्दांत ध्वनीचे थोडे साम्य आहे, पण त्यांचे धातू भिन्न आहेत. प्रेरणेत दृष्टी पुढच्या वाटेवर असते. ईर्षेत ती शेजाऱ्याच्या अंगणावर खिळलेली असते. तप करणाऱ्या जीवाची शक्ती, प्रकृती आणि भाव यांचा विचार न करता केलेला आग्रह म्हणजे कारितच. फक्त त्याला प्रेरणेचे वस्त्र नेसविलेले असते. उलट, पहिल्यांदाच एकासणे करणाऱ्या मुलाजवळ आजी काही न बोलता बसून राहिली, तर तिचे ते बसणे माशाला साहाय्यभूत होणाऱ्या पाण्यासारखे असते. मुलाने उद्या ते व्रत मोठे केले किंवा नाही केले, तरी ते त्याचेच राहते.

अशी निरपेक्ष साथ देणे कठीण आहे, कारण पाण्याचे नाव कोणत्याही पाटीवर येत नाही.

‘प्रेरणा’ या शब्दाचे सर्वांत जवळचे नाते ‘ईर्या’शी आहे, आणि ते नाते भोर-वेल्ह्याच्या डोंगरांवर पावसाळ्यात विशेष आठवावे असे आहे. आषाढ ते कार्तिक या चार महिन्यांत साधु-साध्वी विहार थांबवितात. पावसाने भूमी जीवांनी भरलेली असते. पाऊल टाकले की हिंसा घडण्याचा संभव वाढतो, म्हणून चालण्यासाठीच ज्यांचे जीवन आहे ते एका जागी स्थिर होतात. नेमक्या याच दिवसांत रायरेश्वर, तोरणा आणि राजगड यांच्या वाटा माणसांनी फुलून जातात. पाऊस सरत आला की रायरेश्वराचे पठार रानफुलांनी भरते. प्रेरणा घेण्यासाठी आलेली माणसे त्या फुलांत बसून छायाचित्रे काढतात, आणि उठतात तेव्हा तेथे दबलेली रोपे उरतात.

गृहस्थाने चातुर्मासात गडावर जाऊच नये असे नाही; ज्याची त्याची मर्यादा ज्याने त्याने ठरवावी. पण सामायिकाआधी म्हटले जाणारे इरियावहियं सूत्र ज्याला येते, त्याच्याजवळ त्या वाटेची यादी आधीपासूनच आहे. चालताना ज्यांना पीडा झाली असेल त्यांची नावे त्या सूत्रात एकेक करून घेतलेली आहेत : लहान जीव, बिया, हिरवी वनस्पती, दव, मुंग्यांची घरे, शेवाळ, ओली माती, कोळ्यांची जाळी. पावसाळ्यातील रायरेश्वराच्या वाटेवर यांतील एकही गोष्ट नाही असे होत नाही.

शिडी चढून पठारावर पोचलेल्या कुटुंबाने देवळाकडे निघण्याआधी क्षणभर थांबावे, पुढची चार हात भूमी पाहावी आणि मळलेल्या पायवाटेनेच पुढे जावे. मुलांनी कारण विचारले, तर त्यांना दोन शब्द एकत्र सांगावेत : ईर्या आणि प्रेरणा. आणि उतरल्यावर, घरी सामायिकाला बसताना, त्या दिवसाचे इरियावहियं जरा सावकाश म्हणावे.